रक्ताची खानेसुमारी

चांदा जिल्ह्याच्या जुन्या दप्तरांत धानोऱ्याचे नाव येते ते वैरागडच्या जमीनदाऱ्यांपैकी एक म्हणून. रांगी, मुरूमगाव, झाडापापडा, खुटगाव, दुधमाळा या तिच्या शेजारच्या जमीनदाऱ्या. वैरागड हिऱ्यांच्या खाणींमुळे अकबराच्या दरबारापर्यंत ठाऊक होते आणि आईने-अकबरीत त्याचा निर्देश आहे. परंतु त्याच्या पूर्वेस पसरलेला साग, ऐन, मोह आणि बांबू यांचा हा अरण्यप्रदेश मात्र नागपूरकर भोसल्यांनी, आणि त्यांचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांनीही, बव्हंशी गोंड जमीनदारांच्याच हवाली ठेवला, त्यांच्याकडून नाममात्र टाकोळी घेतली आणि वाटांच्या बंदोबस्ताची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. १८६६ साली मध्य प्रांताची खानेसुमारी झाली. मेजर लूसी स्मिथ यांनी चांदा जिल्ह्याचा जमाबंदीचा अहवाल लिहिला. पुढे जिल्ह्याचे गॅझेटिअर निघाले. घरे, नांगर, गुरे, जंगल आणि आकार यांची नोंद या कागदांत सापडते. एखाद्या घराण्यात पिढ्यानुपिढ्या कोणता आजार उतरत आला, हे मात्र कोणत्याही अंमलदाराने विचारले नाही, आणि विचारले असते तरी त्या उत्तराचे काय करावे हे त्या काळी जगात कोणालाच ठाऊक नव्हते.

असे असले तरी या प्रदेशात रक्ताच्या नात्यांची नोंदच नव्हती असे समजणे ही मोठी चूक ठरेल. गोंड समाजाची कुळे देवांच्या संख्येवरून विभागलेली आहेत. चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे आणि सात देवांचे असे हे वर्ग. ज्यांची देवसंख्या सारखी ते सर्व एकमेकांचे भाऊबंद, आणि भाऊबंदांत सोयरीक निषिद्ध. ही व्यवस्था लिखित नाही, पण ती पाळण्यात जी काटेकोर दक्षता आहे ती कित्येक लिखित कायद्यांच्या वाट्याला आलेली नाही. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांची टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली, आणि १९१६ साली रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवरचा आपला चार खंडांचा ग्रंथ पुरा केला; या दोन्ही ठिकाणी या व्यवस्थेचे वर्णन मिळते. याच समाजात मामाच्या अथवा आत्याच्या मुलीशी विवाह करण्याची चालही आहे. एका घरातून मुलगी गेली म्हणजे पुढच्या पिढीत तिच्या पोटची मुलगी त्या घरी परत यावी, जणू दूध परत आले, अशी त्यामागची भावना रसेल व हिरालाल यांनी नोंदवली आहे. एकीकडून दूरचाही भाऊबंद वर्ज्य आणि दुसरीकडून निकटचा मामेभाऊ इष्ट, हे ऐकणाऱ्याला विसंगत वाटेल. परंतु महाराष्ट्रातील अनेक जातींतही मामेबहिणीशी लग्न करण्याची रीत आहे, आणि इरावतीबाई कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नातेसंबंधविषयक ग्रंथात या दोन्ही प्रवृत्तींचे उत्तर-दक्षिण असे व्यवस्थित विवेचन केलेले आहे.

विवाहाच्या चालींचा आनुवंशिक व्याधींशी संबंध आहे हे प्रथम स्पष्टपणे मांडले लंडनचे वैद्य आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी, १९०२ साली. अल्काप्टोन्यूरिया नावाच्या एका दुर्मिळ विकाराच्या रुग्णांचे आईबाप पुष्कळदा एकमेकांची चुलत-मामे भावंडे असतात, हे त्यांच्या ध्यानात आले. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक मातेकडून येते, दुसरी पित्याकडून. एकीत दोष असला तरी दुसरी काम निभावून नेते. दोन्ही सदोष असतील तेव्हाच व्याधी प्रकटते. आणि एकाच आजाची नातवंडे परस्परांशी विवाहबद्ध झाली की एकच सदोष प्रत दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव वाढतो. पेशीत दररोज डीएनएला जे हजारो आघात होतात ते दुरुस्त करणाऱ्या जनुकांचे दोष हे या वर्गातील अत्यंत गंभीर दोष होत, आणि प्रस्तुत लेख त्यांच्याविषयी आहे. ते समजण्याचा मार्ग धानोऱ्याच्या रानातून एकदम निघत नाही. तो परळच्या एका इमारतीतून जातो.

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्तनिधीतून परळ येथे उभारलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी झाले. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. १८९५ साली, म्हणजे ज्या वर्षाच्या नोव्हेंबरात रॉंटगेनना क्ष-किरणांचा शोध लागला त्याच वर्षी, जन्मलेल्या या गृहस्थांना भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणतात ते यथार्थ आहे. मला मात्र त्यांची थोरवी आणखी एका गोष्टीत दिसते. कर्करोगाकडे पाहताना त्यांनी माणसाचा देह त्याच्या चालीरीतींपासून कधी तोडला नाही. १९४५ साली त्यांनी व डॉ. सूर्याबाई यांनी आचारांशी निगडित अशा कर्करोगांवर एक निबंध प्रसिद्ध केला. कमरेला धोतर वा लुगडे वर्षानुवर्षे घट्ट आवळून नेसल्याने त्याच जागी कातडीवर उठणारा कर्करोग, आणि तंबाखू-चुन्याची गोळी ओठाच्या आत दाबून ठेवणाऱ्यांना नेमका तेथेच होणारा कर्करोग, यांची त्यात वर्णने होती. ज्याने शेतात काम करणाऱ्याची कंबर अशी निरखून पाहिली, त्याचे शास्त्र केवळ सूक्ष्मदर्शकाच्या नळीत मावणारे नव्हते.

खानोलकरांच्या सहकाऱ्यांपैकी एल. डी. संघवी यांनी त्यांच्यासह १९४९ साली मुंबईतील सहा अंतर्विवाही समूहांच्या सात आनुवंशिक लक्षणांची तुलनात्मक पाहणी प्रसिद्ध केली. रक्तगट आणि तत्सम गुण यांच्या आधारे जातींची मोजदाद करण्याचा हा एक अगदी आरंभीचा भारतीय प्रयत्न. त्यानंतर १९५६ साली संघवी, वर्दे आणि मास्टर यांनी मुंबईच्याच बारा समूहांत नात्यातील विवाहांचे प्रमाण किती आहे याचा निबंध लिहिला. या दोन निबंधांच्या मध्ये, १९५५ साली, त्याच संघवींनी राव व खानोलकर यांच्यासह ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तंबाखू ओढणे व चघळणे आणि तोंडघशाचे कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला होता. कोणाशी सोयरीक करता, रक्तात काय आहे आणि गालात काय ठेवता, हे तिन्ही प्रश्न एकाच टेबलावर, एकाच माणसाच्या हातून विचारले जात होते, ही गोष्ट मला या सर्व इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. पुढे शास्त्राच्या शाखा वाढल्या आणि हे टेबल तीन ठिकाणी गेले.

संघवींनी नात्यातील विवाहांविषयी आणखी एक गंभीर मुद्दा उपस्थित केला. दक्षिणेकडे व महाराष्ट्रात अशी लग्ने शतकानुशतके चालत आलेली असल्यामुळे, अत्यंत घातक अशी सुप्त जनुके दोन्ही प्रतींनी एकत्र येऊन, अशा दोन्ही प्रती मिळालेली माणसे संततीविना निवर्तून, कालौघात विरळ झालेली असण्याचा संभव आहे, असा तो मुद्दा होता. तो सर्वांनी जसाच्या तसा मान्य केला असे नाही, आणि आजही मामेभाऊ-आतेबहिणीच्या विवाहात संततीला होणाऱ्या सुप्त व्याधींचा धोका वाढतो हेच वैद्य सांगतात व ते खरे आहे. तथापि एखाद्या समाजाच्या चालीला शहरातून एका शब्दात सदोष ठरवण्याची घाई या माणसाने केली नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता किरणांकडे वळू. क्ष-किरण सापडल्यानंतर काही वर्षांतच ते हाताळणाऱ्यांच्या हातांवर व्रण उठू लागले आणि त्यातून कर्करोग झाले, म्हणजे जो किरण गाठ जाळतो तोच गाठ निर्माणही करतो हे विसाव्या शतकाच्या प्रारंभीच दिसून आले. १९२७ साली हर्मन म्युलर यांनी फळमाशीवर क्ष-किरण टाकून उत्परिवर्तने घडवून आणली. तरीही एक समजूत दीर्घकाळ टिकून होती, की किरणांचा आघात हा आघातच, जितकी मात्रा तितकी हानी, आणि तो सोसण्याच्या शक्तीत माणसामाणसांत फारसा भेद नाही. ती समजूत मोडली ती एका दुर्दैवी मुलाच्या उपचारातून. चालताना तोल जाणे, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल केशवाहिन्या उमटणे, वारंवार छातीचे संसर्ग होणे आणि लहानपणीच लसिकाग्रंथींचा वा रक्ताचा कर्करोग उद्भवणे, अशा लक्षणांचा एक आनुवंशिक विकार आहे. त्याला अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया म्हणतात. १९६७ साली अमेरिकेत गोटॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. कर्करोगासाठी त्याला किरणोपचार दिले गेले, आणि इतर मुले जी मात्रा सोसतात तिने त्याच्या देहाची भयंकर दशा झाली. व्याधीवरचा उपाय व्याधीहून क्रूर ठरला.

त्यानंतर १९७५ साली टेलर, हार्नडेन, आर्लेट आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या कातडीतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून, त्यांवर किरण टाकून, त्या निरोगी पेशींपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात मरतात हे दाखवले. आणि १९९५ साली तेल अवीवच्या योसेफ शिलोह यांच्या गटाने अकराव्या गुणसूत्रावरील एटीएम हे जनुक शोधून काढले. या जनुकाचे प्रथिन पेशीतला जागल्या होय. डीएनएच्या दोन्ही दोऱ्या एकाच ठिकाणी तुटल्या की ते हाक देते, पेशीचे विभाजन थांबवते आणि दुरुस्ती करणाऱ्या इतर प्रथिनांना त्या जागी बोलावते. हाक देणाराच नसेल तर तुटलेल्या दोऱ्यांनिशी पेशी विभागते, तुकडे भलत्याच ठिकाणी जोडले जातात, आणि त्यातूनच कर्करोगाचे बीज पडते. सूर्यप्रकाशाने कातडीवर लहानपणीच कर्करोग होतो अशा झीरोडर्मा पिगमेंटोसम या विकाराचे वर्णन मोरिट्झ कापोझी यांनी एकोणिसाव्या शतकातच केले होते. त्यातही दुरुस्तीचाच दोष आहे हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ साली सिद्ध केले. फँकोनीचा पांडुरोग हा याच कुळातला आणखी एक विकार. तिघांचेही आनुवंशिक सूत्र तेच: दोन्ही प्रती सदोष.

या पेशींची तपासणी कशी होते ते एकदा जवळून पाहिले पाहिजे. रुग्णाच्या शिरेतून काढलेले चमचाभर रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन घातलेल्या नळीत घेतात. रक्तातील श्वेतपेशी एरवी विभागत नाहीत. त्यांना विभागण्यास प्रवृत्त करणारे द्रव्य राजम्याच्या दाण्यांतून काढलेले असते. ते घालून नळी तीन दिवस शरीराच्या उष्णतामानाइतक्या उबेत ठेवतात. मग पेशी विभागण्याच्या ऐन घटकेला, गुणसूत्रे आखूड आणि ठळक झालेली असताना, त्यांना जागच्या जागी रोखण्यासाठी कोल्चिसिन वा त्याच्या जातीचे द्रव्य घालतात. हे कोल्चिसिन कळलावीच्या कंदातही असते. विदर्भातील रानांत पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले धरणारी, जिला खड्यानाग असेही म्हणतात आणि जिच्या कंदाचे विष सर्वांस ठाऊक आहे, तीच ही वेल. नंतर पेशी पातळ क्षारजलात फुगवून, काचेच्या पट्टीवर थेंबाने टाकून, गिम्झा रंगाने रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीतील शेहेचाळीस गुणसूत्रे मोजत, कोठे तुटले, कोठे भलत्याशी जुळले, याची नोंद वहीत करतात. किरण वा तोडफोड करणारे रसायन दिल्यावर निरोगी माणसाच्या पेशीत तुटी थोड्या दिसतात. दुरुस्ती नसलेल्याच्या पेशीत गुणसूत्रांचा चुराडा झालेला असतो. यंत्रे पुष्कळ पुढे गेली, आज जनुकाची अक्षरे थेट वाचता येतात, तरी फँकोनीच्या रोगनिदानात ही तुटी मोजण्याची पद्धत अद्यापि प्रमाण मानली जाते, कारण अक्षर वाचून दोषाचा तर्क होतो आणि गुणसूत्र पाहून त्याचा प्रत्यय येतो.

दोन्ही प्रती सदोष असणारी मुले क्वचितच जन्मतात. पण एक प्रत सदोष असलेले वाहक त्यांच्या अनेक पटींनी असतात; एटीएमच्या बाबतीत ते शेकड्यात एकाच्या आसपास असावेत असा अंदाज मायकेल स्विफ्ट यांनी मांडला, आणि अशा वाहक स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो हेही त्यांनी दाखवले. दरम्यान मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली ज्या घराण्यांत स्तनाचा कर्करोग तरुणपणीच आणि वारंवार होतो त्यांचा मागोवा घेत सतराव्या गुणसूत्रावरील जागा निश्चित केली; १९९४ साली बीआरसीए१ आणि पुढच्या वर्षी बीआरसीए२ ही जनुके हाती आली. ती दोन्ही तुटलेल्या डीएनएच्या दुरुस्तीचीच जनुके निघाली. त्यांतील दोष वारशाने मिळालेल्या स्त्रियांपैकी शेकडा सत्तरच्या आसपास स्त्रियांना वयाच्या ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो, असे मोठ्या पाहण्यांचे अनुमान आहे. परंतु स्तनाच्या सर्व कर्करोगांत असे आनुवंशिक कर्करोग शेकडा पाच ते दहाच. आणखी एक भेद सर्वसामान्य माणसाने अवश्य ध्यानात घ्यावा. एटीएमच्या दोन्ही प्रती सदोष असतील तर नेहमीची किरणमात्रा प्राणघातक ठरू शकते. बीआरसीएची एक सदोष प्रत असणाऱ्या स्त्रीला मात्र आवश्यक ते किरणोपचार घेण्यास त्या कारणाने सामान्यतः हरकत नसते. खेड्यात ज्याला शेक देणे म्हणतात त्याची धास्ती आधीच फार आहे. आनुवंशिक दोषाच्या अर्ध्या कानी पडलेल्या वार्तेने एखादी बाई शेक टाळून बसली तर तो अनर्थ जनुकाने केला असे म्हणता येणार नाही.

या प्रश्नाचा महाराष्ट्रातील पूर्वपीठिकेशी असलेला धागा डॉ. कमल रणदिवे यांच्या हातात होता. पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ रोजी समर्थांच्या घरी जन्मलेल्या, हुजूरपागेत व फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या, सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांवर एम. एस्सी. केलेल्या कमलाबाई मुंबईस आल्यावर खानोलकरांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या आणि १९४९ साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच. डी. झाल्या. १९५२ साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्याकडे पेशीसंवर्धनाचे तंत्र शिकून परतल्यावर त्यांनी या केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. स्तनाचा कर्करोग आनुवंशिक प्रवृत्ती, अंतःस्रावी द्रव्ये आणि विषाणू यांच्या संयोगाने कसा उद्भवतो, हे त्यांनी उंदरांच्या शुद्ध वंशांवर वर्षानुवर्षे परिश्रम करून अभ्यासले. वारसा एकटा कधी येत नाही, तो नेहमी कशाच्या तरी सोबतीने येतो, ही त्यांच्या कामाची दिशा. आणि निवृत्तीनंतर या विदुषीने अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, राजूरच्या परिसरातील आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी हाती घेतली, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात पुरवणी म्हणून येते. मला ती त्यांच्या शास्त्राचाच उत्तरार्ध वाटते. परळचे केंद्र १९६६ साली टाटा रुग्णालयाशी एकत्र झाले, २००२ साली खारघरला गेले, आणि आज तेथे व परळला कर्करोगाच्या आनुवंशिक सल्ल्यासाठी घराण्यांच्या वंशावळी मांडल्या जातात: वर्तुळ म्हणजे स्त्री, चौकोन म्हणजे पुरुष, काळे भरलेले म्हणजे रुग्ण.

भूमीतून येणाऱ्या किरणांबद्दल थोडक्यात. केरळच्या किनाऱ्यावर करुनागपल्ली भागात मोनाझाइट वाळूत थोरियम आहे, आणि तेथील लोक पिढ्यानुपिढ्या नैसर्गिक किरणोत्सर्गाच्या अधिक मात्रेत राहतात. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीवर भारताचे प्रतिनिधी म्हणून खानोलकर बसत, तेव्हापासून या लोकवस्तीकडे शास्त्रज्ञांचे लक्ष आहे. पुढे तेथील मोठ्या लोकसमूहाची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली आणि कर्करोगाचे प्रमाण त्या किरणांमुळे वाढलेले आढळले नाही. मात्रा हळूहळू येते तेव्हा दुरुस्तीला अवसर मिळतो, असा एक अर्थ त्यातून काढला जातो.

आता धानोरा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि धानोरा त्याचा एक तालुका बनला. १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या जिल्ह्यात आले. पुढे त्यांच्या ‘सर्च’ संस्थेचे शोधग्राम गडचिरोली-धानोरा मार्गावर, चातगावजवळ, वसले. तेथील दवाखान्याला दंतेश्वरीचे नाव आहे आणि रुग्णांच्या नातलगांसाठी झोपड्या आहेत, कारण लोकांनी तसेच मागितले. याच जिल्ह्यात आरंभीच्या वर्षांत त्यांनी सिकलसेलचा शोध घेतला. हा दुरुस्तीच्या जनुकाचा नव्हे, हिमोग्लोबिनच्या जनुकाचा दोष; पण दोन प्रतींचा न्याय तोच. भारतात तो प्रथम १९५२ साली निलगिरीत दिसला, आणि १९५८ साली नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील त्याची वार्ता लॅन्सेटमध्ये दिली. गडचिरोलीत तो मोठ्या प्रमाणावर आढळला. शास्त्राच्या दृष्टीने शोध महत्त्वाचा होता. परंतु गावकऱ्यांना तो आपला प्रश्न वाटला नाही. त्यांचे प्रश्न वेगळे होते: बालमृत्यू, बायकांची दुखणी, दारू. बंग दांपत्याने त्यातून जो धडा घेतला, की संशोधनाचा विषय लोकांच्या गरजेवरून ठरावा, तो त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितला आहे. आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली त्यामागे त्या गावकऱ्यांचाच आग्रह होता.

सिकलसेलच्या एका सदोष प्रतीने मलेरियापासून काही अंशी रक्षण होते हे अँथनी अॅलिसन यांनी १९५४ साली दाखवले. मलेरियाने शतकानुशतके गांजलेल्या या अरण्यात तो दोष का टिकला, याचे उत्तर त्यात आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात माणसाला त्याच्या तपासणीचे कार्ड मिळते, आणि विवाहापूर्वी दोघांची कार्डे पडताळून पाहावी असा सल्ला दिला जातो. देवांच्या संख्येवरून सोयरीक पारखणाऱ्या समाजाच्या हाती सोयरीक पारखण्याचे हे दुसरे साधन आले. ते विवेकाने वापरले तर पुष्कळ दुःख टळेल; परंतु वाहक मुलगी म्हणजे खोटे नाणे, अशी भावना रूढ झाली तर मात्र एका नव्या अस्पृश्यतेला आपणच सरकारी कागद पुरवला असे होईल, ही भीती मला खरी वाटते.

आणि या तालुक्यात कर्करोगाचे जे मोठे कारण आहे ते किरणांचे नाही. ते पानठेल्यावर आहे. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू, चुना आणि पाण्याचे चार थेंब प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन पानठेलेवाला ते फळकुटावर तळव्याने घोटत राहतो, रंग तांबूस होऊन तंबाखूचा उग्र वास सुटेपर्यंत. मग पन्नीला गाठ मारून पुडी हातात देतो. हा खर्रा. शेतावर जाणारा गडी, तेंदूपाने तोडणारी बाई आणि शाळेच्या वयाचे पोरही तो गालात धरते. सुपारीने तोंडाची आतली त्वचा निबर होऊन जबडा उघडेनासा होतो. तंबाखूतील नायट्रोसामाइने डीएनएच्या अक्षरांना जाऊन चिकटतात. त्यातील काही लहान गट एक प्रथिन एकट्याने उचलून टाकते, मोठे असतील तर तेवढा तुकडा कापून, काढून, पुन्हा भरावा लागतो, आणि हे काम झीरोडर्माच्या रुग्णांत जी व्यवस्था बिघडलेली असते तीच करते. म्हणजे दुरुस्तीची जनुके किरणांपुरती नाहीत. गालात दिवसभर खर्रा धरणाऱ्या माणसाच्या तोंडात ती दिवसभर राबत असतात. ज्याच्याजवळ त्यांतील एखादी प्रत वारशानेच दुर्बल आहे त्याच्या वाट्याला हे राबणे जड जाते. ज्याच्या सर्व प्रती धडधाकट आहेत त्याचेही ते वर्षानुवर्षे पुरत नाही. २०१६ पासून जिल्ह्यात ‘मुक्तिपथ’ हे दारू व तंबाखूविरोधी अभियान चालू आहे, ते याचसाठी. १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर यांनी जे मुंबईत दाखवले ते या पानठेल्यांवर अजून पोचायचे आहे, आणि त्याला जनुकाची एकही चाचणी लागत नाही.

तरीही जनुकांची चाचणी होणार. देशातील सुमारे दहा हजार व्यक्तींच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात झाले आहे आणि त्यात आदिवासी समूहही आहेत. दुरुस्तीच्या जनुकांतील कोणता बदल निरुपद्रवी आणि कोणता घातक, हे ठरवण्यासाठी त्या त्या समाजातील निरोगी माणसांची नोंद लागते. युरोपीय लोकांच्या नोंदींवरून गोंड स्त्रीच्या जनुकाचा निवाडा केला तर निष्पाप बदलाला दोषी ठरवण्याचा आणि दोषीला सोडण्याचा दुहेरी प्रमाद घडतो. म्हणून अशा नोंदीत या लोकांनी असावे, हे त्यांच्याच हिताचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रश्न आहे तो ही खानेसुमारी कोणाच्या अनुमतीने व्हावी याचा, आणि त्याचे उत्तर दूर शोधावे लागत नाही. धानोऱ्यापासून जवळच मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव आहे. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, अशी घोषणा करून देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी, मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने, सर्वसंमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा उभी केली आणि विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट चालवले. २००९ साली वनहक्क कायद्याखाली त्या ग्रामसभेला सुमारे १,८०० हेक्टर वनाचा सामूहिक हक्क मिळाला. बांबू तोडायचा की नाही, किती आणि कधी, हे ती ठरवते.

ज्या ग्रामसभेने जंगलाचा हिशेब असा स्वतःच्या हाती घेतला, तिच्यापुढे रक्ताचा नमुना मागायला जाणाऱ्या संशोधकाने अभ्यासगटात बसून आधी सांगावे की नळीतले रक्त कोठे जाईल, किती वर्षे राहील, त्यातून काढलेल्या औषधाचा वा चाचणीचा लाभ कोणाला मिळेल, एखाद्या घरात दोष सापडला तर ती वार्ता कोणाला आणि कशी सांगितली जाईल, आणि त्या घरातील मुलीला स्तनाची नियमित तपासणी करून घ्यायची असेल तर धानोऱ्याहून कोठवर जावे लागेल व त्या प्रवासाचा खर्च कोण देईल. या प्रश्नांची उत्तरे गोंडीत द्यावी लागतील, पुन्हा पुन्हा द्यावी लागतील, आणि एका जरी घराची संमती नसेल तरी ती येईपर्यंत थांबावे लागेल.